उजव्या खांद्याचा तांबडा

मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका माळावर, माघातल्या एका रविवारी दुपारी एक तांबडा बैल विकला गेला. तो विकायला नेलेला नव्हता. पळवायला नेला होता. तो पळाला, जिंकला आणि त्यानंतर विकला गेला. बैल माझ्या शेजाऱ्यांचा होता. मी त्याचे फोटो काढायला गेले होते. बैलगाडीची शर्यत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

शर्यतीच्या बातम्या मात्र मला नव्या नव्हत्या. बरीच वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या लावण्याचं काम केलं. शर्यतींवरची बंदी, बंदीविरुद्धचे मोर्चे, नंतर न्यायालयाने दिलेली परवानगी, हे सगळं माझ्या टेबलावरून छापायला गेलं. फोटोंखालच्या ओळी मी लिहिल्या. 'धुरळा उडवत निघालेली बैलजोडी' ही ओळ किती वेळा लिहिली असेल, सांगता येणार नाही. जोडी प्रत्यक्ष पाहण्याची कधी गरज पडली नाही.

काम सोडल्यावर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडच्या एका गावात मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भिंतीला भिंत लागून या कुटुंबाचं घर. नवरा-बायको दोघंच. मुलगी लग्न होऊन गेलेली. भाताची शेती, आणि भात झोडून झाला की नवरा भिवंडीला गोदामात कामाला. बायकोला मी वैनी म्हणायचे, ती मला ताई. नवऱ्याला मी भाऊ म्हणायचे, तो मला मॅडम म्हणायचा. ते त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

तांबडा त्यांनी म्हशाच्या जत्रेतून आणला होता, खोंड असताना. त्याला इतर कोणी घेत नव्हतं म्हणून घेतला, असं वैनी सांगायच्या. नवरा सांगायचा की त्याने त्याची छाती आणि पायांची ठेवण पाहून घेतला. यातलं खरं काय, ते मला ठरवता आलेलं नाही. त्याला वाढवलं वैनींनी, एवढं मात्र दोघंही मान्य करत. पेंढा, भरडा, हिवाळ्यात अंडी फोडून घातलेलं दूध, सगळं त्यांच्या हातचं. त्या शेतावर असल्या तर तो गव्हाणीत तोंड घालत नसे, असं नवरा म्हणायचा. हे मी पाहिलेलं नाही. वैनी अंगणात आल्या की तो बसला असेल तिथून उठून उभा राहायचा, हे पाहिलं आहे.

त्याला पळताना मात्र वैनींनी पाहिलं नव्हतं. बैलाच्या घरच्या बाईने अड्ड्यावर, म्हणजे शर्यतीच्या मैदानावर, जायचं नाही असा त्यांच्याकडे रिवाज होता. शिवाय एक कारण घडलेलं होतं.

“ही असली का तो पळत नाय,” नवऱ्याने मला सांगितलं. “गेल्या साली भात काढल्यावर शेतात सरावाला जुंपला होता त्याला. अर्ध्यावर आला न् बांधावर ही उभी. जो वळला तो थेट हिच्यापुढं. गाडीसकट! धुरकरी गेला चिखलात.”

धुरकरी म्हणजे गाडी हाकणारा.

“भात काढल्यावर चिखल कुठला?” वैनी म्हणाल्या. “पेंढ्यात पडला तो. न् मला काय म्हाईत तुमी तिकडून येताव ते?”

“तुला नाय म्हाईत, पण त्याला म्हाईत होतं ना तू कुठं हायस ते.”

माघातली ती शर्यत तांबड्याची मोठ्या मैदानावरची पहिली शर्यत होती. आदल्या आठवड्यात वैनी माझ्याकडे आल्या. माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, हे त्यांना माहीत होतं. कचेरी सोडताना मी तो स्वतःसाठी घेतला होता आणि तोपर्यंत त्यात बहुतेक पक्षीच आले होते.

“ताई, त्याचा फोटो पायजे. पळतानाचा.”

“भाऊ मोबाईलवर काढतील की.”

“ते हलतं. सर्कन जातं न् संपतं. मला थांबलेला पायजे. पळताना, पण थांबलेला. भिंतीला लावायला.”

“उभा असतानाही काढते एक.”

“उभा मी रोज बघते.”

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच चला. त्या हसल्या.

“मी आले न् तो हरला, तर जल्मभर ऐकवतील. तुमाला कोण काय बोलणार नाय. तुमी पेपरवाल्या.”

रविवारी सकाळी टेंपो आला. तांबड्याच्या कपाळाला कुंकू लावून वैनींनी त्याला फळीवरून वर चढवलं. “दुपारचं पाणी चुकवू नका त्याचं,” एवढं त्या म्हणाल्या. नवरा पुढे ड्रायव्हरजवळ बसला, मी दाराच्या बाजूला. सरळगाव येईपर्यंत नवऱ्याने मला शर्यतीतल्या बऱ्याच गोष्टी समजावल्या. त्यातल्या दोन इथे सांगणं आवश्यक आहे.

पहिली अशी. गाडीला दोन बैल लागतात आणि यांच्याकडे होता एक. अशा वेळी दुसऱ्या कोणाचा बैल सोबत जुंपतात. त्याला पैरा म्हणतात. तांबड्याचा पैरा होता डोळखांबकडच्या एका मालकाच्या पांढऱ्या बैलाशी. जिंकले तर दोघांचं नाव, हरले तर दोघांची हार. पैऱ्यात लिखापढी नसते. शब्दावर चालतो. ज्याचा शब्द हलला त्याला पुढच्या वेळी कोणी बैल देत नाही, आणि एकच बैल असलेल्या माणसाला कोणी पैरा दिला नाही तर त्याचा बैल गोठ्यात उभा राहतो.

दुसरी गोष्ट खांद्याची. जोडीतल्या प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. पांढरा डाव्या खांद्याचा, तांबडा उजव्या. बाजू बदलली तर बैल बावरतो, जू टाकतो. हे मी ऐकलं आणि लक्षात ठेवलं. फोटोशी त्याचा काय संबंध आहे, तो विचार तेव्हा मनात आला नाही.

माळावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. भाताची शेतं कापून रिकामी पडलेली. त्यांचे बांध फोडून, माती दाबून दोन लांब सरळ पट्टे तयार केले होते, शेजारी शेजारी. एका पट्ट्यावर एक जोडी, दुसऱ्यावर दुसरी. एका वेळी दोनच गाड्या पळतात. डाव्या अंगाला बांबूचं कुंपण आणि त्यामागे सगळी माणसं. टेंपोच्या टपावर माणसं, आंब्याच्या झाडावर माणसं. उसाच्या रसाचे दोन गाडे, वडापावची गाडी, काकड्या कापून मीठ लावून विकणारा एक जण. लाउडस्पीकरवर एक माणूस न थांबता बोलत होता.

“मंडळी, मागं व्हा, मागं व्हा. मोबाईल खिशात ठेवा. नायतर बैल न् तुमी एकाच फोटोत याल आणि तो फोटो घरची माणसं हार घालून लावतील!”

हसले सगळे, मागे कोणी झालं नाही.

उजव्या अंगाला कुंपण नव्हतं आणि माणूसही नव्हता. तिकडून ऊनही पाठीवर आलं असतं. मी छातीवर बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याला विचारलं, मी पलीकडे जाऊन उभी राहू का?

“नाय मॅडम. ती बाजू मोकळी ठेवायची. बैल बाहेर गेला तर त्याला वाट पायजे ना. तुमच्या अंगावरून घालवू का त्याला?”

“समोर, निशाणाच्या पुढे?”

“समोर तर आमीपण उभे राहत नाय.”

त्याने मला कुंपणाच्या अगदी पुढची, शेवटच्या निशाणाजवळची जागा करून दिली. पेपरवाल्या म्हणून. दोघा पोरांना त्यासाठी हलवलं. जागा उत्तम होती. मैदानातल्या शंभर माणसांनी तिच्यासाठी भांडण केलं असतं.

आमच्या जोडीच्या आधी सहा-सात फेऱ्या झाल्या. त्यांत मी हात बसवून घेतला. पहिल्या फेरीत माझ्या फोटोंत नुसता धुरळा आला. गाड्या सुटल्या असं लाउडस्पीकरवर ऐकू येतं, डोळा कॅमेऱ्याला लावावा तोवर त्या पुढ्यातून गेलेल्या असतात. गाडी कसली, दोन चाकं आणि वर पाय ठेवायला एक फळी. धुरकरी तिच्यावर वाकून उभा. पक्ष्यांचे फोटो काढताना थांबावं लागतं. इथे बैल दिसण्याआधी बटण दाबायला सुरुवात करावी लागते. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मला ते जमू लागलं. सुटे खूर, ताणलेल्या माना, धुरकऱ्याचा उघडा जबडा स्वच्छ येऊ लागला.

तांबडा आणि पांढरा डाव्या पट्ट्यावर उतरले. उजवीकडे वाशिंदकडची एक काळी जोडी, तिचं नाव झालेलं होतं. सुटताना बैल धरायला प्रत्येक जोडीपुढे चार-पाच जण लागतात. तांबड्यापुढे नवरा स्वतः होता, दोन्ही हातांनी शिंगं धरून. झेंडा पडला आणि धरणारे बाजूला उडाले. मी दाबलेलं बटण गाड्या निशाणापार जाईपर्यंत सोडलं नाही.

आमची जोडी जिंकली. किती अंतराने, यावर नंतर एकमत झालं नाही. पांढऱ्याचा मालक म्हणाला, अख्खी गाडी बसेल एवढं. काळ्या जोडीवाले म्हणाले, नाकाएवढं. पंचांनी झेंडा आमच्या बाजूने दाखवला, एवढं नक्की.

गुलाल उधळून झाला. बैल आंब्याखाली आणून बांधले, पाणी पाजलं. तिथे बैल बघायला माणसं येऊ लागली. एकाने पांढऱ्याच्या मालकाला विचारलं, “काय, ह्याचं काय घेणार?” मालकाने एक आकडा सांगितला. विचारणारा मोठ्याने हसला. “राहू दे. तेवढ्यात मी गावच घेतो,” म्हणाला आणि पाठीवर थाप मारून गेला.

मी नवऱ्याला विचारलं, विकायचा नाही तर सरळ तसं का सांगत नाहीत?

“पळणारा बैल ‘विकायचा नाय’ असं अड्ड्यावर बोलत नाय, मॅडम. तसं बोललं का तो दाव्यालाच राहतो. पाय मोडतो, नायतर दुखणं काढतो. म्हणून कोणाला झेपणार नाय असा आकडा सांगायचा. विचारणारा समजतो. नाय म्हणायची पद्धत हाय ती.”

थोड्या वेळाने कल्याणकडचे एक शेट आले. पांढरा शर्ट, सोबत दोन माणसं. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. तांबड्याभोवती फिरले, खूर उचलून पाहिला, पाठीच्या कण्यावरून हात फिरवला. बैलाने कातडी थरथरवली, पण पाय झाडला नाही. मग ते नवऱ्याकडे वळले.

“किती?”

नवऱ्याने आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. त्या आकड्याला भोवतीची सगळी माणसं हसली, यावरून अंदाज यावा. नवराही हसला.

शेट हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

“दिला?”

“शेट, गंमत करताव का गरिबाची?”

“गंमत तुमी केलीत का? मी तर हात पुढं केलाय.”

हसणं थांबलं. नवऱ्याने पांढऱ्याच्या मालकाकडे पाहिलं.

“बोललास ना तू?” पांढऱ्याचा मालक म्हणाला.

“बोललो.”

“मंग?”

आजूबाजूला पंधरा-वीस जण होते. सगळे बैलवाले. पुढच्या मोसमात पैरा मागायचा तर याच माणसांकडे मागायला लागणार होता. नवऱ्याने हात दिला. शेटांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “मर्द माणूस.”

मी हे चार-पाच हातांवरून पाहिलं. सवयीने फोटोही काढला. दोघांचे हात, दोघांचे चेहरे, मागे तांबडा आडवा उभा, शिंगांपासून शेपटापर्यंत पूर्ण. त्या दिवसातला तो सर्वांत स्वच्छ फोटो आहे.

नवऱ्याने घरी फोन केला नाही. मी करू का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “नको. मी सांगतो.” जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. त्याने गाठ सोडून आपलं दावं काढून घेतलं, शेटांच्या माणसांनी नवं नायलॉनचं घातलं. तांबडा त्यांच्या पिकअपमध्ये चढला. चढताना अडला नाही.

परतीच्या वाटेवर फक्त ड्रायव्हर बोलत होता. शर्यत कशी झाली ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

वैनी अंगणात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात नाचणीच्या भाकरीचा तुकडा, बैलावरून ओवाळून टाकायला. टेंपोचा आवाज ऐकूनच त्या बाहेर आल्या असाव्यात. नवरा उतरला. दावं त्याच्या खांद्यावर होतं.

“जिंकला?”

“जिंकला.”

त्या टेंपोच्या मागे गेल्या. मागची फळी उघडीच होती. आत पेंढा होता. त्या परत पुढे आल्या आणि दाव्याकडे पाहिलं.

“किती सांगितलात?”

म्हणजे काय झालं असेल ते त्यांना कळलं होतं. नवऱ्याने आकडा सांगितला. त्यांनी तो मनाशी मोजून पाहिला.

“मंग अजून सांगायचा होता.”

“त्याच्यापुढचा आकडा सुचला नाय गो.”

तांब्यातलं पाणी त्यांनी अंगणात ओतलं. भाकरीचा तुकडा घेऊन त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फोटो बघायला आल्या. त्याआधी मी ते एकदा बघून ठेवले होते, त्यामुळे मला माहीत होतं. मी डाव्या बाजूला उभी होते. जोडी डाव्या पट्ट्यावर होती. डाव्या खांद्याला पांढरा. फोटोंत पांढरा होता: त्याचा डोळा, त्याच्या नाकपुड्या, मानेवरची शीर, हवेत सुटलेले चारही खूर. त्याच्यामागे धुरकरी. तांबडा पांढऱ्याच्या आड होता. दोघे इतके बरोबरीने पळाले होते की एकामागे दुसरा झाकला गेला. चांगल्या पैऱ्याची खूण तीच समजतात.

वैनी एकेक फोटो बघत गेल्या.

“हा तर त्यांचा.”

“हो.”

“हापण त्यांचा.”

“वैनी, सगळ्यांत तसंच आहे.”

“सगळे दाखवा.”

मी सगळे दाखवले. एकात पांढऱ्याच्या पोटाखालून तांबडे पाय दिसत होते, पुढचे दोन. एकात पांढऱ्याच्या नाकापुढे तांबड्या नाकाचा शेंडा होता, बोटभर. तो फोटो मी मोठा करून दाखवला. मोठा केल्यावर नुसते ठिपके दिसू लागले.

“पुढं होता,” त्या म्हणाल्या. “बोटभर पुढं होता बघा.”

मग आंब्याखालचा फोटो आला. मला तो आधीच काढून ठेवता आला असता. तसं केलं नव्हतं. त्यांनी पूर्ण बैल पाहिला, हात पाहिले.

“हा नको,” म्हणाल्या.

मी आणखी शोध घेतला. मैदानावर ज्यांच्या हातात मोबाईल होते ते सगळे माझ्याच बाजूला होते. पाच-सहा जणांकडून व्हिडिओ मिळवले. सगळ्यांत पांढरा होता. आयोजकांनी ड्रोन उडवला होता, त्याचं चित्रण एका मुलाने पाठवलं. त्यात वरून दोन पाठी दिसत होत्या, एक पांढरी, एक तांबडी, आणि मागे धुरळ्याची शेपूट. मला वाटलं, काम झालं. वैनींनी ते दोनदा पाहिलं.

“वरून कोण बघतं ओ बैलाला? घार?”

त्या हसल्या नाहीत, पण चिडल्याही नव्हत्या. फोन त्यांनी मला परत दिला.

त्यानंतरचे दिवस नवरा भिवंडीला कामाला जात राहिला. अड्ड्यावर त्याचं नाव झालं होतं. शब्दाचा माणूस म्हणून. पैरा द्यायला दोघं जण आपणहून घरी येऊन गेले. एकाला वाटलं होतं की याच्याकडे आणखी बैल असतील.

“एक असताना हा पैरा मागत फिरायचा,” वैनी पाहुण्यांना चहा देताना म्हणाल्या. “आता पैरा दारात आलाय न् बैल नाय.”

बैल परत मागावा, असं वैनींनी नवऱ्याला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, हात दिलेला हाय. ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

चैत्रात त्याने बातमी आणली की मुरबाडजवळच्या एका मैदानावर शेटांची जोडी पळणार आहे. बातमी सांगून तो हातपाय धुवायला गेला. तो परत आला तेव्हा वैनी म्हणाल्या, “मी जाणार.”

“तुला बघून थांबेल तो.”

“थांबू दे. आता काय आपला हाय का? थांबला तर त्यांची गाडी हरंल. आपलं काय जातंय?”

“तसं नसतं गो.”

“कसं असतं मंग? ताई येतील माझ्यासंगं.”

तो नाही म्हणाला नाही. आमच्यासोबत मात्र आला नाही. मोटरसायकलवरून वेगळा आला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

आम्ही एसटीने गेलो. वैनींनी लग्नाकार्यात नेसायची साडी नेसली होती. पदर डोक्यावरून घेतला होता, चेहरा अर्धा झाकेल असा, म्हणजे बैलाला त्या दिसणार नाहीत. कॅमेरा मी घेतला होता. या मैदानावर प्रेक्षकांना दोन्ही बाजूंना उभं राहता येत होतं. आम्ही उजवी बाजू घेतली. तिथे आणखीही बायका होत्या: गोळेवाली, कॉलेजातल्या तीन मुली, मूल कडेवर घेतलेली एक बाई. वैनींना कोणी अडवलं नाही. कोणी काही विचारलंही नाही.

वैनींनी पाच फेऱ्या पाहिल्या. पहिल्या फेरीला त्यांनी माझा दंड धरला आणि गाड्या गेल्यावर सोडला. “एवढंच?” म्हणाल्या. दुसऱ्या फेरीपासून त्या बैल सुटायच्या आधीच मान लांब करून बघू लागल्या. एका फेरीत एक बैल पट्टा सोडून बाहेर निघाला आणि माणसं पांगली. “अरे त्याला जू टोचतंय, बघा ना,” त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने मान डोलावली.

सहाव्या फेरीला लाउडस्पीकरवर शेटांच्या गाडीचा पुकारा झाला. वैनींनी पदर पुढे ओढला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. जोडी मैदानात आली. दोन्ही बैल पांढरे होते.

जोडी पळाली. जिंकली का हरली, ते माझ्या टिपणांत नाही.

फेरी संपल्यावर वैनी बैलांमागून चालत गेल्या. मी त्यांच्यामागे. शेटांचा माणूस बैलांना पाणी पाजत होता. माघात तांबड्याला नवं दावं घालणाऱ्यांपैकीच तो एक होता. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही.

“दादा, तांबडा कुठंय?” वैनींनी विचारलं.

“कुठला तांबडा?”

“माघात घेतला तो. म्हशाकडून.”

“तो होय. तो दिला ना घाटावर. ह्यांच्यासंगं जमला नाय. दोनदा जुंपला. पळायचा, पण अर्ध्यात मान वळवायचा. शेट बोलले, वळणारा बैल काय कामाचा?”

“घाटावर कुठं?”

“ते शेटला ठाऊक. तुमी कोण?”

“कोण नाय,” वैनी म्हणाल्या.

शेट मैदानात होते. मी जाऊन विचारल्यावर त्यांनी नीट उत्तर दिलं आणि एका व्यापाऱ्याला माझ्यासमोरच फोन लावून दिला. माळशेज घाटाच्या वर, जुन्नरच्या बाजूला जनावरांची खरेदी-विक्री करणारा तो व्यापारी. तांबडा त्याने घेतला होता, हे त्याने सांगितलं. त्याच आठवड्याच्या बाजारात पुढे विकलाही होता. घेणारा शेतकरी होता, शर्यतवाला नव्हता. बैल नांगराला घेतो, असं म्हणाला होता. त्याचं गाव व्यापाऱ्याला माहीत नव्हतं. वैनींची फोटोसाठीची भिंत रिकामीच राहिली.